गेम अडखळतो, शिक्षा पीसीला

मे महिना, जळगाव, रात्रीचे साडेअकरा. भावाचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी पुण्यात जेवणाची भांडी आवरून नुकतीच टेकले होते. त्याने काही न बोलता फोनचा कॅमेरा मॉनिटरकडे वळवला.

"बघ हां ताई. आता दार उघडतो."

गेममधल्या माणसाने दार उघडलं आणि चित्र थिजलं. अर्धा सेकंद, फार तर. मग पुन्हा सगळं सुरळीत. कोपऱ्यात हिरव्या आकड्यांत ८७ एफपीएस.

"दिसलं?"

"दिसलं."

"अजून अटकतंय."

त्या 'अजून'ची किंमत मला पाठ आहे. रॅमची दुसरी पट्टी, ३,८०० रुपये. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, ५,२०० रुपये. विंडोज दोनदा नव्याने टाकलं, त्यात त्याच्या डिप्लोमाच्या प्रोजेक्टचा एक फोल्डर गेला. ग्राफिक्स कार्ड मुळात २८,५०० चं, त्यातले निम्मे आईने भिशीतून दिलेले. आणि कार्ड सोडलं तर यातला प्रत्येक सल्ला माझा. आमच्या घरात प्रिंटर चालेना की मला फोन येतो, तशीच ही तक्रारही माझ्याकडे आली होती, आणि प्रत्येक वेळी मी एकच प्रश्न विचारत होते: तुझ्या मशीनमध्ये काय कमी आहे?

पुढे त्याने कार्डच खराब आहे असं समजून ते दुकानात नेलं. दुकानदाराने बेंचमार्क चालवला, सरासरी आकडा झकास आला, आणि त्याने सांगितलं की कार्ड ठणठणीत आहे, तुमचं बाकीचं सेटअप कमी पडतंय. भाऊ कंटाळला. ओळखीतल्या एकाला कार्ड १९,००० ला विकून मोकळा झाला. दोन महिन्यांनी त्या गेमचा कितवा तरी पॅच आला. त्याच्या नोंदीत खाली कुठेतरी एक ओळ होती, काही ठिकाणी येणारी अडखळ दुरुस्त केल्याची. मी माझ्या पीसीवर तो गेम टाकला. माझं कार्ड त्याने विकलेल्या कार्डापेक्षा जुनं आहे. तेच दार उघडलं. काहीही झालं नाही.

त्या एका ओळीसाठी आमच्या घराने साडेअठरा हजार मोजले. तेव्हापासून मला या विषयावर शांतपणे बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. आपण सगळ्यालाच 'लॅग मारतंय' म्हणतो. मोबाइलवर बीजीएमआय खेळताना पिंग २०० च्या वर गेला आणि गोळी झाडल्यावर समोरचा दोन पावलं पुढे जाऊन पडला, तर तो लॅग, दोष नेटवर्कचा. गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच संथ चालतो आहे, तर मशीनची ताकद कमी पडते आहे. तो तिसराच आजार. मी बोलते आहे ती अडखळ वेगळी. नेट बंद आहे, गेम एकट्याने खेळायचा आहे, आकडा उत्तम आहे, आणि तरी चालता चालता मध्येच ठेच लागते. इंग्रजीत त्याला स्टटर म्हणतात. त्याला 'तोतरेपणा' म्हणायचा मोह मी टाळते. माणसांच्या बोलण्याला वापरला जाणारा शब्द कंपन्यांच्या निष्काळजीपणाला का चिकटवायचा?

आता ते ८७ एफपीएस. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद. समजा एका सेकंदात ५९ चित्रं प्रत्येकी १० मिलिसेकंदांत आली. झाले ५९० मिलिसेकंद. साठावं चित्र यायला उरलेले ४१० मिलिसेकंद लागले. बेरीज करा: एक सेकंद, ६० चित्रं. कोपऱ्यातला आकडा '६०' दाखवणार, आणि तुमच्या डोळ्यांसमोर जवळजवळ अर्धा सेकंद पडदा गोठलेला असणार. दोन्ही खरं. सरासरी काढली की ठेच तिच्यात विरघळून जाते.

हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. २०११ मध्ये 'द टेक रिपोर्ट' या संकेतस्थळावर स्कॉट वॉसन यांनी सेकंदाच्या आत डोकावणारा एक लेख लिहिला आणि प्रत्येक चित्राला किती वेळ लागला ते मोजायला सुरुवात केली. त्या मोजणीतून असं दिसू लागलं की सरासरीत पुढे असलेलं कार्ड प्रत्यक्ष खेळताना मागे असू शकतं. पुढच्या दोन वर्षांत कार्ड बनवणाऱ्या कंपन्यांना आपले ड्रायव्हर सुधारावे लागले. म्हणजे पद्धत आहे, जुनी आहे, इंटेलचं प्रेझेंटमॉन नावाचं मोजणीचं साधन फुकट मिळतं. तरीही आज कुठल्याही काउंटरवर जा, तुम्हाला सरासरीच दाखवतील. लॅमिंग्टन रोडपासून जळगावच्या गल्लीपर्यंत. सरासरी दाखवून कार्ड विकता येतं. ठेच दाखवून काय विकणार?

तर मग ही ठेच येते कुठून? सगळी कारणं एका लेखात मावणार नाहीत, पण गेल्या काही वर्षांतल्या बड्या गेमांमधलं सर्वांत मोठं कारण समजून घेण्यासारखं आहे.

पडद्यावर दिसणारी प्रत्येक गोष्ट, पाण्याची चमक, भिंतीवरचा ओलावा, स्फोटाचा धूर, ही शेडर नावाच्या छोट्या प्रोग्रामांनी रंगवलेली असते. हे प्रोग्राम तुमच्या कार्डाला कळतील अशा भाषेत आधी उतरवावे लागतात. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सचं आतलं यंत्र ठरलेलं असतं, त्यामुळे कंपनी ते काम स्वतः करून तयार माल देते. पीसीत कार्डं शेकडो प्रकारची, ड्रायव्हर निराळे, म्हणून ते काम तुमच्या घरी, तुमच्या प्रोसेसरवर होतं. पूर्वी यातला बराच भार ग्राफिक्सचा ड्रायव्हर उचलत असे. २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर डायरेक्टएक्स १२ आलं आणि ताबा गेम बनवणाऱ्यांच्या हातात गेला. ताबा त्यांनीच मागितला होता. ताब्याबरोबर जबाबदारीही आली: कुठले शेडर लागणार ते आधी ओळखून, गेम सुरू होतानाच तयार करून ठेवायचे. अनेकांनी ताबा घेतला आणि जबाबदारी विसरले. मग तुम्ही दार उघडता, पलीकडे असा धूर असतो जो मशीनने पूर्वी पाहिलेला नाही, आणि पंगत बसल्यावर भाजी चिरायला घेणाऱ्या आचाऱ्यासारखा गेम तुम्हाला थांबवून स्वयंपाकाला लागतो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हे काम प्रोसेसरवर होतं. ग्राफिक्स कार्ड बदलून ते घडायचं थांबत नाही. रॅम वाढवून थांबत नाही. प्रोसेसर महागातला घेतला तर ठेच छोटी होते, जात नाही. भावाने जे जे विकत घेतलं, त्यातलं काहीही या आजारावरचं औषध नव्हतं. पाहुण्यांना मोठी ताटं आणायला सांगून भाजी लवकर शिजत नाही.

दुसरा प्रकार तुम्ही मोकळ्या जगाच्या गेमांत पाहिला असेल. घोड्यावरून किंवा पायी एका अदृश्य रेषेपलीकडे गेलात की ठेच, मागे येऊन पुन्हा गेलात की पुन्हा ठेच. नव्या भागाची माहिती भरताना गेमची मुख्य प्रक्रिया अडून बसते. 'स्टार वॉर्स जेडाय: सर्व्हायव्हर' एप्रिल २०२३ मध्ये आला तेव्हा बाजारातल्या सर्वांत महागड्या मशीनवरही तो असाच अडखळत होता. प्रकाशकाने निवेदन काढलं. त्यात इतर गोष्टींबरोबर असंही होतं की विंडोज ११ साठी बनवलेले नवे प्रोसेसर विंडोज १० वर वापरणाऱ्यांना, आणि तगड्या कार्डाला कमी ताकदीचा प्रोसेसर जोडणाऱ्यांना त्रास होतो आहे. वाचून मला भावाचा दुकानदार आठवला. तुमचं बाकीचं सेटअप कमी पडतंय.

आणि तिसरा प्रकार तर संतापजनक आहे. २०२१ चा 'रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज'. पैसे मोजून घेतलेल्या प्रतीत शत्रूवर गोळी झाडताना ठेच लागत होती. चोरीची प्रत फुटली आणि लोकांनी तुलना केली, तर चोरीची प्रत जास्त सुरळीत! अडखळ चोरीविरोधी सॉफ्टवेअरमुळे येत होती. कॅपकॉमने जुलैमध्ये पॅच दिला आणि त्याच्या नोंदीत चोरीविरोधी तंत्रात सुधारणा केल्याचं लिहिलं. म्हणजे ज्याने विकत घेतला तो दोन महिने अडखळला आणि ज्याने चोरला तो मजेत खेळला. त्या दोन महिन्यांत किती जणांनी आपल्या विंडोजची रजिस्ट्री उचकली असेल, कोण मोजणार?

आता सल्ल्यांच्या बाजाराकडे येते. त्यात मीही दुकान मांडून बसले होते, त्यामुळे आतली माहिती आहे.

सगळे सल्ले खोटे नाहीत. आपल्याकडे परवडणारे बरेचसे लॅपटॉप रॅमच्या एकाच पट्टीवर येतात. दुसरी पट्टी घातली की रॅमकडे जायचा रस्ता दुपदरी होतो आणि खरोखर फरक पडतो. भावाला मी सांगितलेलं ते काही चूक नव्हतं, फक्त त्याच्या आजाराचं नव्हतं. रॅमच्या खोक्यावर ३२०० लिहिलेलं असतं आणि ती २१३३ किंवा २६६६ वर चालत असते, कारण बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी कुणी चालू केलेलं नसतं. हे तपासायला एक रुपया लागत नाही. फिरत्या हार्ड डिस्कवरून आजचे मोठे गेम खेळणं आता सोडाच. कार्डाची स्वतःची मेमरी ८ जीबी असेल आणि टेक्स्चर 'अल्ट्रा'वर ठेवले असतील तर ते एक पायरी खाली आणा, कारण ती मेमरी भरून माहिती रॅममध्ये सांडायला लागली की ठेचा सुरू होतात. एफपीएसवर मर्यादा घाला: मशीन कधी ९५ आणि कधी ६२ देत असेल तर ६० वर बांधून ठेवलेला गेम जास्त सुरळीत वाटतो. आणि उष्णता. जळगावात मे महिन्यात बाहेर ४४ अंश असताना पत्र्याखालच्या खोलीत लॅपटॉपचा प्रोसेसर शंभरीला टेकतो आणि स्वतःला वाचवायला वेग तोडतो. याला सेटिंग नाही. मागची जाळी ब्रशने साफ करा, लॅपटॉप गादीवरून उचलून टेबलावर ठेवा, किंवा पहाटे खेळा. (भाऊ पहाटे खेळायचा. आई समजायची अभ्यास करतोय.)

इतकंच. एवढ्यावर माझे प्रामाणिक सल्ले संपतात. एका दुपारचं काम आहे, आणि रॅम-एसएसडी सोडली तर फुकट.

बाकीचा बाजार अंगाऱ्या-धुपाऱ्याचा आहे. कमांडची काळी खिडकी उघडून विंडोजचं घड्याळ बदलायला लावणारे. रजिस्ट्रीत नेटवर्कसंबंधीची एक किंमत बदलली की एकट्याने खेळायचा गेम सुरळीत होतो म्हणणारे. कुणीतरी बनवलेली एक फाइल प्रशासकाच्या परवानगीने चालवायला लावून विंडोज 'हलकं' करून देणारे, ज्यात अपडेट आणि सुरक्षेच्या सेवाही बंद पडतात. त्याच पीसीवर घरातलं नेट बँकिंग चालतं, हे ते सांगत नाहीत. आणि माझा सर्वांत लाडका सल्ला: दर आठवड्याला शेडर कॅश पुसून टाका. अहो, अडखळ येते ती शेडर तयार नसल्यामुळे. तयार झालेले शेडर ज्या डब्यात ठेवले जातात तो डबा तुम्ही दर आठवड्याला गटारात रिकामा करायला सांगताय!

तरी हे सल्ले टिकतात. लोक खाली मनापासून लिहितात, 'भाऊ, काम झालं, धन्यवाद'. ते खोटं बोलत नसतात. हे कसं घडतं ते मला फार उशिरा कळलं. तुम्ही दार उघडलं, ठेच लागली. त्याच क्षणी मशीनने तो शेडर तयार करून कॅशमध्ये ठेवला. तुम्ही वैतागून गेम बंद केला, व्हिडिओ शोधला, त्यातली कमांड टाकली, पीसी पुन्हा सुरू केला, तेच दार पुन्हा उघडलं. ठेच नाही! श्रेय कुणाला? कमांडला. काहीही न करता पुन्हा उघडलं असतं तरी लागली नसती. सर्दी आठवड्यात आपोआप जाते आणि नाव शेवटच्या काढ्याचं होतं, त्यातलाच प्रकार. पुढच्या नव्या दाराशी पुन्हा ठेच लागते, तेव्हा माणूस म्हणतो, आता दुसरी कमांड शोधली पाहिजे. अशी ही दारं संपत नाहीत आणि व्हिडिओही संपत नाहीत.

मी स्वतः याच चुकीच्या आधारावर भावाला सांगितलं होतं की एसएसडीमुळे 'माझ्याकडे' गेलं.

यात एक उलटा प्रसंगही आहे, तो लपवणार नाही. काही वेळा आजार खरोखर तुमच्या पेटीत असतो, आणि तरीही तुमच्या हातात नसतो. एएमडीच्या रायझन प्रोसेसरच्या काही मशीन मध्येच क्षणभर गोठायच्या, आवाजही अडखळायचा. लोकांनी रॅम बदलली, पॉवर सप्लाय बदलले. मार्च २०२२ मध्ये कंपनीनेच मान्य केलं की फर्मवेअरमधला टीपीएम, म्हणजे विंडोज ११ ला सक्तीचा असलेला तो सुरक्षेचा भाग, मदरबोर्डवरच्या मेमरी चिपशी बोलताना यंत्राला थांबवतो आहे. दुरुस्ती बायोस अपडेटमधून त्या वर्षीच्या मेपासून यायला लागली. मग आधीचे रॅम बदललेले लोक? त्यांना कुणी पैसे परत केले नाहीत. त्यांना मंडळींनी 'तुझी रॅमच लोकल आहे' म्हणून झोडपलं होतं, ते शब्दही कुणी परत घेतले नाहीत.

मला माहीत आहे, आता उत्तर काय येणार. पीसी हा असाच असतो, त्यात हजारो जोड्या, कंपनी सगळ्यांवर कशी तपासणार? आवडत नसेल तर कन्सोल घे.

हजारो जोड्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणून त्याला अर्धंच उत्तर पुरतं. २०२० चा 'डूम इटर्नल' याच हजारो जोड्यांवर लोण्यासारखा चालला. 'कॅलिस्टो प्रोटोकॉल' डिसेंबर २०२२ मध्ये शेडरच्या अडखळीने इतका बदनाम झाला की स्टीमवर लोकांनी पहिल्याच दिवशी झोडपून काढला. पॅच किती दिवसांत आला? एक-दोन दिवसांत. एवढ्यात जे सुधारता येतं ते आधी सुधारून द्यायला काय धाड भरली होती? आणि 'एल्डन रिंग'. फेब्रुवारी २०२२ मध्ये आला, पीसीवर अडखळायचा. त्याच महिन्यात वॉल्व्हचं स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं छोटं यंत्र आलं. वॉल्व्हच्या लोकांनी गेमच्या कोडला हातही न लावता, मधल्या थरात मेमरीच्या हाताळणीची दुरुस्ती केली, आणि तो गेम त्या चिमुकल्या यंत्रावर विंडोजच्या मोठ्या पीसीपेक्षा कमी अडखळू लागला. बाहेरच्या माणसाला जमतं ते घरच्याला जमत नाही असं मला पटत नाही. वेळ दिला जात नाही. प्रकाशनाची तारीख हलत नाही, कारण ती शेअरधारकांना सांगितलेली असते, आणि मी ज्यांच्यावर चिडले आहे त्यांत रात्री जागून तो पॅच लिहिणारी माणसं नाहीत. त्यांना तारीख कुणी विचारलेली नसते.

बरं, विकलेला माल परत घ्यावा लागला की कंपन्यांना सगळं सुचतं. जून २०१५ मध्ये 'बॅटमॅन: अर्कम नाइट'ची पीसी आवृत्ती आली. ३० एफपीएसवर बांधलेली, वर अडखळ. त्याच महिन्यात स्टीमने पैसे परत देण्याचा नियम आणला होता: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत, खेळलेला वेळ दोन तासांच्या आत. लोकांनी तो वापरला. काही दिवसांतच प्रकाशकाने पीसी आवृत्तीची विक्री थांबवली आणि ती ऑक्टोबरअखेर पुन्हा सुरू झाली. चार महिने! नुसता सल्ला देऊन भागणार नव्हतं.

या दोन तासांचं मात्र बघा. गेम उघडा असतो तितका वेळ घड्याळ चालतं. 'द लास्ट ऑफ अस पार्ट १' मार्च २०२३ मध्ये पीसीवर आला तेव्हा सुरुवातीला शेडर बनवण्याचा पडदा इतका रेंगाळायचा की साध्या प्रोसेसरवाल्यांचे दोन तास खेळायला बसण्याआधीच सरत चालले होते. आणि समजा तुम्ही त्या दोन तासांत सेटिंग बदलत बसलात, पुन्हा सुरू करत बसलात, व्हिडिओतली कमांड टाकून पाहत बसलात, तर? सल्ल्यांची संस्कृती नेमकी तुमचे हे दोन तास खाते. तुम्ही तुमच्या मशीनची उलटतपासणी घेत असता आणि विकणाऱ्याची मुदत शांतपणे संपत असते.

'कन्सोल घे' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की भावाच्या पीसीवर डिप्लोमाचं ऑटोकॅड चालतं, आईचे वीज बिलाचे फॉर्म भरले जातात, आणि उरलेल्या वेळात गेम. आमच्यासारख्या घरात यंत्र एकच येतं. त्यात भिशीचे पैसे असतात आणि कार्डाच्या किमतीत १८ टक्के जीएसटी असतो. परदेशातला कुणी व्हिडिओत हसत 'बस, प्रोसेसर बदला' म्हणतो, ते आमच्याकडे वर्षभराच्या फीचं गणित असतं. ठीक करण्यातही मजा असते, हे मला मान्य आहे. मी शाळेत असताना रविवारचे रविवार पेटी उघडून बसायचे. पण ती मजा आपण निवडलेली असावी. पूर्ण किमतीला विकत घेतलेल्या वस्तूला चालवण्यासाठी ती गृहपाठ म्हणून दिलेली नसावी.

मला सर्वांत जास्त खुपतं ते पैशाचं नाहीच. भाऊ कार्ड विकून आला त्या रात्री म्हणाला, "मला जमत नाही गं ताई हे. मी काहीतरी चुकीचं करतोय." एकोणीस वर्षांचा मुलगा, ज्याने युट्यूब बघून घरात स्वतः पीसी जोडला. त्याने सगळं बरोबर केलं होतं. त्याला तसं सांगणारा एकही माणूस त्याला भेटला नाही. मंचांवर भेटला नाही, दुकानात भेटला नाही, घरात तर मीच होते. 'तुझं कॉन्फिगरेशन काय?' हा आपल्याकडे तक्रारीला दिला जाणारा पहिला प्रतिसाद आहे. गेमचं नाव, तारीख, पॅच कितवा, हे कुणी विचारत नाही. मी आता आधी ते विचारते. आणि एक गोष्ट करायला लावते: नवा गेम, पहिला तास, चित्राच्या वेळेचा आलेख सुरू करून खेळायचा. रेषा सपाट असेल तर ठीक. तीच जागा पुन्हा खेळल्यावर सुळका गेला आणि नव्या जागी पुन्हा आला, तर दोष कुणाचा ते कळलं. सेटिंगला हात लावायचा नाही. एक तास झाला की निर्णय.

मागच्या महिन्यात त्याने एक नवा गेम घेतला. (कार्ड आता जुनं, सेकंडहँड आहे, रॅमचे भाव एआयच्या डेटा सेंटरांनी कुठल्या कुठे नेल्यामुळे ती ३,८०० ची पट्टी मात्र आता शहाणपणाची खरेदी वाटते.) रात्री त्याचा मेसेज आला, सोबत आलेखाचा फोटो. हृदयविकाराच्या पेशंटचा ईसीजी असावा तशी रेषा.

मी कॉल केला. "किती वेळ झाला खेळून?"

"पन्नास मिनिटं."

"काही बदललंस का सेटिंगमध्ये?"

"काहीच नाही. तू म्हणालीस ना, हात लावायचा नाही."

"मग काय करतोस?"

"केलंय," तो म्हणाला. "पैसे परत मागितलेत. कारणाच्या रकान्यात काय लिहू ते कळेना, म्हणून लिहिलं, माझा पीसी ठीक आहे."